पाच हजार वॅटचं पाणी

केरुगोयाच्या वरची डोंगरसोंड,
कॉफीतोडणीच्या मोसमातला शनिवार, दुपार

आदरणीय मेहुणे करीथी यांस,

तुमच्या बहिणीचा नवरा गिचोबी याचा, टोपी काढून आणि ती मांडीवर ठेवून, नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? मागच्या खेपेला एंबूहून निरोप आला तेव्हा उजवा दुखत होता, त्याआधीच्या निरोपात डावा. दोघांनी पाळ्या लावून घेतल्या असतील तर ती तुम्हाला मिळालेली सवलतच म्हणायची. वहिनींच्या कोंबड्या, चर्चमधलं तुमचं वडीलपद आणि शेजाऱ्याशी चाललेला बांधाचा तंटा, तिन्ही जोमात असतील अशी आशा करतो. इकडे मी ठीक आहे. गाय ठीक आहे. छपरातले उंदीर माझ्यापेक्षाही ठीक आहेत.

आता अडचण अशी की हे पत्र ज्या विषयाचं आहे तो सासरच्या माणसापुढे काढायचा नसतो. जावयाने सासरच्यांसमोर अंग, पांघरूण आणि पोट या तीन गोष्टींबद्दल तोंड उघडू नये, असं माझ्या आईने लग्नाआधी मला इतकं बजावलं होतं की तुमच्या वडिलांनी पहिल्या भेटीत ‘भूक लागली का’ असं विचारलं तेव्हा मी ‘यंदा पाऊस बरा आहे’ असं उत्तर दिलं. (त्यांना ते फार आवडलं. मी मात्र उपाशी घरी आलो.) त्यामुळे मी एवढंच लिहितो की हा विषय पाण्याचा आहे, ते गरम आहे, ते वरून पडतं आणि दार लावलेल्या खोलीत पडतं. याहून पुढे माझी लेखणी जाणार नाही. पत्रात कुठेही ‘ते पाणी’ असं आलं की तुम्ही समजून घ्यावं आणि जमल्यास क्षणभर खिडकीबाहेर बघावं.

तुमची बहीण मिचेरे आमच्या लेकीच्या, वाविराच्या, बाळंतपणाला म्हणून नैरोबीला गेली ती तीन महिन्यांच्या बोलीवर गेली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्या बाळाची तेव्हा नाळ पडायची होती. आता ते बाळ शाळेत जातं आणि फोनवर मला ग्रहांची नावं इंग्रजीत म्हणून दाखवतं. मिचेरे अजून तिथेच आहे. भांडण म्हणाल तर नाही, आणि हीच खरी पंचाईत आहे. भांडण झालं असतं तर मी चार वडीलधारी मंडळी गोळा केली असती, एक चांगला बोकड घेऊन तुमच्या अंगणात आलो असतो, तुम्ही मला दोन तास बाहेर ताटकळत ठेवलं असतं, मग शिव्या, मग जेवण, आणि बायको घरी. सगळं रीतीने झालं असतं. पण भांडणच नाही, तर बोकड कशाबद्दल आणू? मेहुणे, माझ्यापुढे या घडीला एकच प्रश्न आहे: मिचेरे घरी येते की नाही. बाकी या पत्रात जे काही आहे ते सगळं त्याच्याच मागेपुढे आहे.

घरात मी एकटा आहे हे दिवसा फारसं जाणवत नाही. दिवसा काम असतं, आणि काम नसलं तर फाटकाशी उभं राहून काम असल्यासारखं करता येतं. रविवारी मका-घेवड्याची पातेलंभर गिथेरी शिजवतो, ती गुरुवारपर्यंत पुरते, शुक्रवारी मी आणि ती गिथेरी एकमेकांकडे बघत नाही. चहा मात्र अजून दोन कपांचा टाकतो. हात ऐकत नाही. दुसरा कप गार होतो, तो मी नंतर पितो, आणि पिताना उगाच रागावतो. कुणावर ते ठरवत नाही. तिचे शेतातले गमबूट दाराशी आहेत तसेच आहेत. त्यात एकदा कोंबडी बसली होती, तिला मी इतक्या जोरात हुसकलं की मलाच वाईट वाटलं.

तर मागे एकदा फोनवर मिचेरे सहज म्हणाली की वाविराच्या घरात खटका दाबला की ते पाणी (खिडकीबाहेर बघा) वरून गरम पडतं, लाकडं नकोत, धूर नको, पातेली उचलणं नको. मी म्हटलं, हां. फोन ठेवला आणि मला सगळा उलगडा झाल्यासारखं वाटलं. तिला घर नकोसं नाही, मी नकोसा नाही, तिला धूर नकोसा आहे! इतक्या दिवसांचं कोडं एका खटक्याचं निघालं. मी आयुष्यभर कॉफीच्या सोसायटीत वजनकाट्यावर बसलेला माणूस. ज्याचं माप घेता येतं अशी अडचण समोर आली की मला मनापासून आनंद होतो. दुसऱ्याच दिवशी कुटुसच्या बाजारातून तसलं यंत्र घेऊन आलो. मताटूच्या गाडीत ते मी मांडीवर धरून बसलो होतो. शेजारच्या बाईने हे काय म्हणून विचारलं, तर मी रेडिओ म्हणून सांगितलं, कारण न जाणो ती तुमच्या नात्यातली निघायची.

यंत्रावर लिहिलं होतं, पाच हजार वॅट. आमचा वायरमन किन्युआ (तोच तो, ज्याने चर्चची घंटा विजेवर चालवून दाखवली आणि मग ती तीन दिवस थांबेना) त्याने मला शास्त्र समजावून दिलं. म्हणाला, गुका (मी आता सगळ्यांचाच आजोबा), व्होल्ट म्हणजे मागून बसणारा रेटा आणि अँपिअर म्हणजे पुढे सरकणारी गर्दी. रेटा गुणिले गर्दी म्हणजे वॅट, म्हणजे प्रत्यक्ष झालेलं काम. मला हे एकदम पटलं. खांबावरून दोनशे चाळीस व्होल्ट येतात असं सगळे धरून चालतात, म्हणजे पाच हजाराला दोनशे चाळिसाने भागलं की एकवीस अँपिअरपेक्षा किंचित कमी. झालं. पण मी काट्यावरचा माणूस. कुणी सांगितलेल्या वजनावर मी कधी विश्वास ठेवला नाही. किन्युआचं मोजायचं यंत्र घेऊन सायंकाळी व्होल्ट मोजले तर भरले एकशे साठ. आमचं घर तारेच्या अगदी शेपटाशी, आणि तारेच्या तोंडाशी कॉफीची गिरणी. तोडणीच्या मोसमात दुपार कलली की फळं सोलायची यंत्रं सुरू होतात आणि पुढचा सगळा रेटा तीच खाऊन टाकतात. आमच्यापर्यंत येतं ते उष्टं.

इथे मी डोकं चालवलं, आणि तेच नडलं. मी किन्युआला म्हटलं, अरे, पोतं भरायचं असेल आणि डबा लहान असेल तर आपण काय करतो? खेपा वाढवतो. पोतं शेवटी भरतंच. यंत्राला पाच हजार वॅट हवेत ना? मग व्होल्ट एकशे साठ असले तर अँपिअर आपोआप वाढतील, सव्वाएकतीस होतील, आणि गुणाकार पाच हजारच येईल. किन्युआने डोकं खाजवलं आणि म्हणाला की हिशोब तर बरोबर दिसतो. (त्याला अंगठ्याएवढी जाड तार एकदा तरी ओढून बघायची होती, हे मला पुढे कळलं.) मग सव्वाएकतीस अँपिअर न जळता जातील अशी तार आली, तसला खटका आला, भिंत फोडली, भिंत लिंपली. गाय दोन दिवस वैरण सोडून आमच्याकडेच बघत होती.

पहिली चाचणी सायंकाळी घेतली. खटका दाबला, नळ सोडला, हात धरला. पाणी आलं. गार नव्हतं. गरम होतं असंही छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही. थंडीचा राग तेवढा उतरला होता, एवढंच. आणि त्याच क्षणी आमच्या सोंडेवरचे सगळे दिवे निखाऱ्यासारखे लाल झाले. खालच्या बाजूला चर्चच्या गायनमंडळाची तालीम चालली होती, त्यांची विजेवरची पेटी मधल्या ओळीत मुकी झाली. मंडळ तसंच गात राहिलं आणि दर ओळीला एकेक पायरी खाली उतरत गेलं, ते मला त्या खोलीत उभ्या उभ्या ऐकू येत होतं. थोड्याच वेळात माझ्या दारात माणसं जमली. सगळ्यांत पुढे शेजारची गथोनी. तिच्याकडे कोंबडीची पिल्लं दिव्याच्या उबेवर वाढतात.

गथोनी म्हणाली, “गिचोबी, घरात हत्ती शिजवतोस का? माझी पिल्लं गारठली.”

मी तिला ती खोली दाखवली. मागून बाकीचेही आत डोकावले. जाड तार, लिंपलेली भिंत, छताला ते पांढरं यंत्र, आणि खाली मी नवीन आणून ठेवलेला चपलांचा जोड, बायकी मापाचा. मग गथोनीनेच विचारलं, “कुणासाठी हे?”

“मिचेरेसाठी.”

“येतेय का ती?”

मी म्हटलं, बघू, आधी अँपिअर तर येऊ देत. कुणी हसलं नाही. मेहुणे, मला वाटलं होतं हसतील. हसले असते तर बरं झालं असतं. मग मी सगळ्यांना चहा केला, कप पुरले नाहीत म्हणून वाट्यांतून दिला, गायनमंडळातल्या एका म्हाताऱ्याला तर मापट्यातून. तासभर घर भरलेलं होतं. पिल्लांचा, पेटीचा आणि माझा यथेच्छ उद्धार करून ते सगळे गेले, आणि मग घर पूर्वी कधी नव्हतं इतकं रिकामं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी, गथोनीची परवानगी घेऊन आणि पिल्लं तिने चुलीपाशी नेल्यावर, पाणी सोडून आम्ही दोन्ही मापं घेतली. पिल्लांचे दिवे बंद असल्याने व्होल्ट कालपेक्षा सावरलेले, एकशे साठ. अँपिअर सव्वाएकतीस नव्हेच; तेरा पूर्णांक नऊ. गुणाकार केला, दोन हजार दोनशे चोवीस. पुन्हा केला, तेवढाच. पाच हजारांतले निम्मेसुद्धा नाहीत. मी त्या यंत्राकडे बघतच राहिलो. रेटा कमी पडला तर गर्दीने भरून काढायचं, ते राहिलं बाजूला. रेटा कमी झाला तशी गर्दीही कमी झाली, आणि दोघांच्या गुणाकाराचं तर विचारूच नका. किन्युआ म्हणाला, गुका, यंत्राच्या आतली तापणारी वायर तीच राहते ना, मग रेटा कमी तर गर्दीही कमीच. हे त्याला आधी का सुचलं नाही असं मी विचारलं, तर म्हणाला की तुम्ही इतक्या खात्रीने बोलत होता. मेहुणे, मी घरात आयुष्यभर असाच खात्रीने गप्प बसलो. मला वाटायचं की मी कमी बोललो तर मिचेरे जास्त बोलेल आणि घरातलं बोलणं जेवढ्यास तेवढं राहील. पहिली काही वर्षं तिने तसं केलंही. मग तीही कमी बोलायला लागली, आणि मी समजलो की आता घरात शांतता आहे.

असो. विषय विजेचा आहे. मी तडक कॉफीच्या गिरणीत गेलो आणि तिथल्या व्यवस्थापकाला, मुगेराला, सांगितलं की माझे दोन हजार सातशे शहात्तर वॅट तुझ्या यंत्रात आहेत, ते परत दे. माझ्या हाताखाली शिकलेला माणूस तो, मला म्हणाला की गुरुजी, बसा आधी. मी बसलो. कशासाठी हवेत ते त्याने विचारलं. मी सांगितलं. तो खिडकीतून कॉफीच्या फळांच्या ढिगाकडे बघत म्हणाला, “मिचेरेमामी ज्या दिवशी येतील त्या दिवशी अर्धा तास यंत्रं बंद ठेवतो. पावसात फळं सडली तरी चालतील. फक्त कोणत्या दिवशी ते सांगा.” मी उठलो, टोपी घातली, कळवतो म्हणालो आणि बाहेर आलो. कोणत्या दिवशी! हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

तशी दुपारी गंमत वेगळीच असते. दुपारी गिरणी बंद, व्होल्ट दोनशे पस्तीस, अँपिअर वीस पूर्णांक चार, गुणाकार चार हजार सातशे चौऱ्याण्णव. ते पाणी असं कढत येतं की हात भाजतो. पण भर दुपारी, उन्हातून आल्यावर, त्याचा काय उपयोग? मी ते बादलीत धरून गाईच्या पाठीवर ओतलं, कोमट करून. गाय खूश आहे. स्वतः मी अजून त्या खोलीत त्यासाठी पाऊल ठेवलेलं नाही. पहिलं पाणी तिचं. मी अंगणात, लोखंडी टबात, जसा होतो तसा आहे. (हे वाक्य तुम्ही वाचलं नाही असं दोघेही समजू.)

गेल्या आठवड्यात मिचेरेला फोन करून मी हे सगळं सविस्तर सांगितलं: व्होल्ट, अँपिअर, तार, गिरणी, मुगेराचा अर्धा तास. तिने शेवटपर्यंत ऐकलं. बरं म्हणाली. मग नातीने फोन घेतला आणि शनीला कडी का असते ते मला समजावून सांगितलं.

तेव्हा माझी तुम्हाला विनंती अशी की तुम्ही थोरले आहात, तुमचा शब्द ती मोडत नाही, तर तिला विचारून एक दिनांक मिळवून द्यावा. गैरसमज नको, दिनांक मला केवळ गिरणीसाठी हवा आहे. मुगेरा रोज विचारतो आणि फळांच्या बाबतीत त्याला नियोजन करावं लागतं. वहिनींना माझा नमस्कार, गुडघ्यांना आराम.

तुमचा, सदैव टोपी काढलेला,
गिचोबी

ता.क. गथोनीची पिल्लं सुखरूप आहेत. तुमच्याकडे बातमी वेगळी पोचली असेल तर ती खोटी आहे.

ता.क. पुन्हा उघडून लिहितो. मिचेरे फोनवर नुसतं बरं म्हणाली, हे खरं नाही. बरं म्हणायच्या आधी ती म्हणाली, “पाणी कुणी मागितलं होतं तुमच्याकडे?” मी म्हटलं, तूच नाही का म्हणालीस. ती म्हणाली, “मी बोलायला काहीतरी हवं म्हणून बोलले हो. तुम्ही तिकडे नुसते हां हां करता. इतक्या वर्षांत एकदा तरी म्हणालात का, ये म्हणून?” मला वाटलं, हे काय म्हणायचं असतं? घर तिचं आहे. आपल्याच घरी या म्हणून कुणी कुणाला बोलावतं का? असं मी तिला सांगणार होतो. पण मी हां म्हणालो.

ता.क. दिनांकाचं राहू द्या. मुगेराने परवा एकदाच विचारलं, रोज विचारतो असं मी उगाच लिहिलं. त्याऐवजी एवढं करा. नैरोबीला जाल तेव्हा, गुडघे बरे असतील त्या दिवशी, तिच्यासमोर बसा आणि माझ्या वतीने हे एवढंच वाचा. बाकी पत्र दाखवू नका, त्यात चपलांचा उल्लेख आहे. मी फोनवर तीनदा प्रयत्न केला, तीन वेळा पावसाबद्दल बोललो. वाचायची ओळ अशी: मिचेरे, घरी ये, मला तुझ्यावाचून करमत नाही.

ता.क. वरची ओळ वाचताना माझा आवाज काढायला जाऊ नका. तुम्हाला तो जमत नाही आणि ती हसेल. हसली, तर मात्र मिळेल त्या फोनवरून मला लगेच कळवा.